अर्ध्या भाकरीचा वाद

माझे सासरे आमच्याकडे जर्मनीत, रेगेन्सबर्गला, अडीच महिने राहिले आणि त्या अडीच महिन्यांत मी त्यांच्याशी रोज जेवणावरून वाद घातला. तेव्हा त्यांच्या अन्ननलिकेत गाठ वाढत होती. मला ते नंतर कळलं, पण तुम्हाला आधीच सांगून टाकते. कारण पुढे माझी शहाणपणाची बडबडच जास्त आहे, आणि ती वाचताना कोणाला हसू यायला नको.

वादाचं मूळ माझा नवरा. चव्वेचाळिसाव्या वर्षी त्याचं कोलेस्टेरॉल बघून इथल्या डॉक्टरीणबाईंनी भुवया उंचावल्या. माझे वडील बावन्नाव्या वर्षी हार्ट अटॅकनं गेले, ऑफिसात, खुर्चीतच. ती धास्ती मनात होतीच. त्याच आठवड्यात मी दूध, तूप, अंडी, मटण, सगळं घराबाहेर काढलं. ओट्सचं दूध, टोफू, डाळी, पालेभाज्या. अर्ध्यावर थांबणारी बाई मी नव्हेच.

त्यात सप्टेंबरअखेर बाबा आले. कोल्हापूरचे, वीज मंडळातून रिटायर झालेले, अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, एकही गोळी न घेणारे. त्यांचा नियम एकच: खावं सगळं, पण अजून एक घास चालला असता असं वाटतं तेव्हा ताटावरून उठावं. रविवारी मटणाचे दोन तुकडे आणि वाटीभर पांढरा रस्सा, बस्स.

"अति तिथं माती," ते म्हणायचे. "मग ते तूप असो नाहीतर तुझा तो पालक. माझे वडील नव्वदीपर्यंत मटण खाऊन जगले."

"बाबा, तुमचे वडील कामाला पायी जायचे. तुमचा मुलगा दिवसभर स्क्रीनसमोर बसतो."

"मग त्याला उठव की! तुपाला कशाला बोल लावतेस?"

नवरा मान खाली घालून मसुराची आमटी ओरपायचा. फारच झालं तर "आल्झो, म्हणजे, मला दोघांचंही पटतंय," एवढं बोलून मोकळा.

ऑक्टोबर संपता संपता बाबा नमायला लागले. आधी भाकरी अर्धी झाली, मग पाव. प्रत्येक घासामागे कोमट पाणी. एकेक घास किती वेळ चावायचे! शेवटी एक दिवस आपणहून म्हणाले, "जेवण राहू दे. तुझं ते हिरवं सरबत दे मला." पालक, केळं, भिजवलेले बदाम, ओट्सचं दूध. मला तर आकाश ठेंगणं झालं. कोल्हापूरचा माणूस रविवारीही मटणाचं नाव काढेना! मी नवऱ्याला म्हटलं, "बघितलंस? जिंकले मी." मग तिकडे दिराला फोन, जावेला फोन. आणि बाबांना दोन्ही वेळा ते सरबतच देत राहिले.

आमची मुलगी आठ वर्षांची. मराठी सगळं कळतं, पण उत्तर जर्मनमध्ये. ती एकदा म्हणाली की आजोबा घास तोंडातून काढून रुमालात गुंडाळतात. मी तिलाच दटावलं. म्हटलं, मोठ्यांच्या चहाड्या करायच्या नाहीत.

नोव्हेंबरात धुकं हटायचं नाव घेईना, चारलाच दिवे लावावे लागायचे. अशाच एका दुपारी बाबांनी कमरेचा पट्टा माझ्यापुढे धरला. पँट राहत नव्हती. मी हातोडी आणि खिळा घेऊन पट्ट्याला दोन नवी भोकं पाडली, त्यांना तो बांधायला लावला आणि फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला: 'दोन महिन्यांत दोन भोकं! व्हीगनची कमाल!' अंगठे आले, टाळ्या आल्या. फोटोत बाबा हसताहेत आणि कॉलरमध्ये गळ्याची हाडं दिसताहेत. चुलत नणंदेनं त्याच दिवशी रेसिपी मागितली.

डिसेंबरात ते परत गेले. जानेवारीत दिराचा फोन आला. बाबांना पाणीसुद्धा उतरत नव्हतं, एंडोस्कोपी केली होती, गाठ ऑपरेशनच्या पलीकडे गेली होती. मिळेल त्या विमानानं आम्ही कोल्हापूर गाठलं. दवाखान्यात त्यांना पोटात थेट नळी घालून अन्न देत होते. घास कधीपासून अडकतोय, असं डॉक्टरांनी विचारल्यावर बाबा म्हणाले होते, दसऱ्यापासून. म्हणजे आमच्या घरी, माझ्या टेबलावर. मी डोळ्यांवर कातडं ओढून बसले होते असं नवरा एकदाही म्हणाला नाही. म्हणाला असता तर बरं झालं असतं.

नवऱ्याचा रिपोर्ट आता चांगला आहे. मी अजूनही व्हीगनच रांधते, आणि एक घास कमी खावा हेही मला पटतं. बाबांची गाठ ना मटणानं झाली, ना पालकानं. पण मी माझंच घोडं दामटत होते, आणि समोरचा माणूस का जेवत नाही हे विचारायचं मला सुचलं नाही. याची मला लाज वाटते, अजून वाटते.

दवाखान्यात एका दुपारी खोलीत आम्ही दोघंच होतो. मी विचारलं, "बाबा, मला का नाही सांगितलंत? इन्शुरन्स होता. डॉक्टरांची अपॉइंटमेंट मी दुसऱ्या दिवशी मिळवली असती."

त्यांचा आवाज पार बसला होता. "आधी वाटलं, थंडीनं होत असेल," म्हणाले. मग त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं, झोप लागली.

"आणि मी ते सरबत मागितलं त्या दिवशी तू किती खूश झालीस गं. फोन करकरून सगळ्यांना सांगत होतीस. म्हटलं, पोरीच्या आनंदात कशाला मोडता घालायचा?"