अक्कांनी लावलेला गेरू

सगुणाअक्कांचं नाव आधी लिहितो, झालं काय ते मागून. चितेगावात मला खोली दिली ती त्यांनी, आणि आज मी धडपणानं कंपनीत जातो तोही त्यांच्यामुळंच. मागच्या महिन्यात त्या मुलाकडं कन्नडला गेल्या होत्या. शिफ्ट सुटली तेवढ्यात त्या मुलाचा, रामभाऊंचा, फोन आला. "अक्का गेली रे. झोपेतच." गेटजवळ तसाच बसून राहिलो...

मी गडचिरोलीकडचा, सातवीतून शाळा सोडलेला. इथं आलो त्याच वर्षी खोकला धरला आणि सरकारी दवाखान्यात टीबी निघाला. गोळ्या सुरू झाल्या अन् जीव टांगणीला लागला. लघवी लाल, तोंडाला चव नाही, सांधे धरलेले. सोबतच्या पोरानं मोबाइलवर दुष्परिणाम वाचून दाखवले, ते संपेचनात. घरी माय जंगलातली मुळी उगाळून द्यायची, तेव्हा एवढं कुठं काय व्हायचं? आताची औषधंच विषारी, असं मनानं घेतलं. पिशवी भरून निघालो. अक्का ओट्यावर लसूण सोलत होत्या. मेंढरं राखणाऱ्या घरातल्या, पाल्या-मुळ्यांच्या जाणत्या. वाटलं, त्या तरी माझी बाजू घेतील.

"काय रं गडचिरोली, कुठं निघाला?"

"गावी. गोळ्या बास, मोबाइलात त्यांचे किती त्रास लिहिलेत. मुळीचा कधी कुणाला त्रास झाला नाही, अक्का."

"झाला नाय, का कुणी इचारलंच नाय?"

मग त्यांनी सांगितलं, त्यांच्या पाठच्या भावाला लहानपणी खोकल्यावर पाला दिला होता म्हणे. पोट फुगलं, पोर गेलं. "लोक म्हणले, दृष्ट लागली. पाल्याचं नाव कुणीच घेतलं नाय. आन् मेंढराला नवा पाला घालायचा तर? एकीच्या पाठीवर गेरू लावायचा, तिलाच चारायचा, आन् नजर ठिवायची. मेंढराला गेरू होता बाबा, माणसाला नव्हता. तुझ्या मोबाइलात एवढं लिव्हलंय, म्हंजी कुणीतरी बघत बसलं आसंल ना?"

"पण त्रास तर होतोय ना, अक्का."

"व्हईल की. रोगाला चावणारं औषध आपल्यालाबी थोडं चावतंच. पळून जाऊ नको, नजर ठेव."

असं म्हणून त्या आत गेल्या, गेरूचा खडा ओला करून आणला आणि माझ्या मनगटावर ठिपका टेकवला. "आता तू माझी मेंढी. बॅं कर." इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसलो.

मग रोज सकाळी उजेडात तोंड धरून डोळे बघायच्या, काय खाल्लं, काय ओकलास ते विचारायच्या. एका सकाळी म्हणाल्या, "पिवळं दिसतंय रं," आणि चहासुद्धा न घेता मला दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं, गोळ्यांनीच कावीळ झालेली निघाली. त्यांनी गोळ्या थांबवल्या, मग एकेक करून पुन्हा सुरू केल्या. "वेळेवर आलात," म्हणाल्या. त्यावर अक्का, "मेंढी माझी हाय ना!" डॉक्टरीणबाईंना काही कळलं नाही, पण हसल्या त्याही. मी बरा झालो.

पुढं अक्कांना बीपीची गोळी लागली, पाय सुजायला लागले. त्यांनीच मनगट पुढं केलं, "लाव रं, आता माझी पाळी." मी रोज घोटा दाबून बघायचो. सूज उतरेना तसं रिक्षानं शहरात औरंगपुऱ्यातल्या डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी गोळी बदलली, आणि अक्का पुन्हा बाजाराला जायला लागल्या. जाईपर्यंत चालत्या-फिरत्या राहिल्या.

तो खडा अजून दाराशेजारच्या कोनाड्यात आहे, एका बाजूनं झिजलेला. रामभाऊ सामान न्यायला आले तेव्हा म्हणाले, "हा तुझ्याकडंच राहू दे." परवा शेजारच्या खोलीत लातूरकडचा नवा कामगार आला, शुगरच्या गोळ्या घाबरत घाबरत घेणारा. काल त्याच्या मनगटाला गेरू लावला. तो बॅं करायला लाजला... करील हळूहळू. अक्का, तुमचे उपकार एका ठिपक्यानं फिटायचे नाहीत, ठाऊक आहे मला. पण खडा झिजून संपेल तोवर फेडीन, नक्की फेडीन.