सात पाण्यांनी धुतलेला घास

शिकारी पाखरू हातावर येते ते भुकेपोटी, हे पशुवैद्यक बाईंनी मला पहिल्याच दिवशी बजावले होते. "पोट भरलेलं असलं तर ते तुमच्याकडे ढुंकूनही बघणार नाही. फार उपाशी ठेवलंत तर मरेल. मधली रेघ सांभाळायची, सर. रोज. तिला रविवार नसतो."

मी नुकताच महाविद्यालयातून निवृत्त झालो होतो. मांज्याने पंख कापलेली शिक्र्याची मादी वनखात्याने बाईंकडे आणून दिली होती. जखम भरली होती, पण पंखात बळ नव्हते. ससाणे पाळणाऱ्यांच्या जुन्या रीतीने तिला हातमोज्यावर बोलवायचे, लांब दोरीवर उडवायचे आणि स्वतःची शिकार करण्याइतकी सावरली की सोडून द्यायचे, असे ठरले. खात्याची रीतसर परवानगी निघाली. नेवाशाबाहेरचे आमचे घर, मागची पत्र्याची खोली आणि पलीकडचा माळ पाहून बाईंनी मला विचारले. नाही म्हणणे मला कधीच जमले नव्हते.

सुरुवातीचे कित्येक दिवस मी डाव्या हातावर तिला घेऊन नुसता बसून राहिलो. तिच्या डोळ्यांत बघायचे नाही, बोलायचे नाही. ज्या अबोलपणाबद्दल मी जन्मभर बोलणी खाल्ली, तो या एका जागी उपयोगी पडला. एके सकाळी तिने मान खाली घालून मोज्यावरचा तुकडा उचलला. मला हुंदका आला आणि तो गिळावा लागला, कारण ती दचकली असती.

कोंबडीच्या दुकानात जायची मात्र फार लाज वाटे.

"सर, घरची बाई माळकरी अन् तुमी रोज हितं?" दुकानदार सगळ्या गिऱ्हाइकांदेखत विचारी.

"घरी पाहुणी आहे."

"लई दिस राह्यली की पाहुनी! अन् हाडं, पिसं बी ठिवा म्हनता. सासुरवाडीची हाय का काय?"

हाडे आणि पिसे तिला लागतात, हे त्याला समजावण्याइतका धीर माझ्यात नव्हता. मी पिशवी घेऊन निघे. पत्नी त्या खोलीकडे फिरकत नसे. तिच्या गळ्यात लहानपणापासून तुळशीची माळ होती.

शिक्रा दोरीवर अर्ध्या माळापर्यंत उडू लागली आणि माझे हर्नियाचे दुखणे उसळले. नगरच्या हॉस्पिटलात दाखल व्हावे लागले. सोबतीला मुलगा आला. पत्नी घरी राहिली. "तिला कोण बघणार?" एवढेच ती म्हणाली.

रोज फोनवर मी विचारी, "खाल्लं का?"

"चाटूनपुसून. मी अगदी स्वच्छ करून देते हो."

मी समाधानाने डोळे मिटी.

घरी आलो त्या संध्याकाळी, टाके ओढत असतानाही मी माळावर गेलो. पत्नीने तिला दूरच्या खांबावर बसवले. मी शीळ घालायला ओठ जुळवले, तोच ती सुटली आणि दोरीची सगळी लांबी कापून थेट मोज्यावर येऊन आदळली. इतकी ती कधीच उडाली नव्हती. "बघा, कशी आली!" पत्नी टाळी वाजवून म्हणाली. मीही हसलो. मग सवयीने पाखराच्या छातीवरून बोट फिरवले. मधले हाड सुरीच्या पात्यासारखे लागले.

पशुवैद्यक बाई दुसऱ्या दिवशी पोचल्या तेव्हा ती पत्र्याच्या खोलीतल्या आपल्या पेटीच्या तळाशी पिसे फुगवून बसली होती. पाजलेले काही पोटात ठरले नाही. दुपारी ती माझ्या ओंजळीत गेली. मोज्याची गरज उरली नव्हती.

"खायला काय देत होता?" बाईंनी विचारले.

"मी देत होते," दारातून पत्नी म्हणाली. "माळ देवापुढे काढून ठेवायची, हाडं, कातडं, पिसं काढायची आणि सात पाण्यांनी धुवायची. अगदी पांढरंशुभ्र होईपर्यंत. मग आंघोळ करून माळ घालायची. एकदासुद्धा चुकले नाही."

बाईंनी माझ्याकडे पाहिले. धुतलेल्या मांसातला कस पाण्याबरोबर जातो; पाखराचे वजन उतरवायचे असले की ससाणे पाळणारे मुद्दाम तसे मांस देतात. हे त्यांनीच मला शिकवले होते.

मी आयुष्यात क्वचितच कुणाच्या आधी बोललो असेन. "पंखाची दुखापतच आतून राहिली असणार," मी म्हणालो.

बाई आपली पिशवी आवरत म्हणाल्या, "हो. असं होतं कधीकधी."

पावसाळ्यानंतर त्यांचा फोन आला. तिसगावकडे विहिरीत पडलेला एक शिक्रा सापडला होता. पत्नी शेजारीच भाजी निवडत होती.

"आणा हो," ती म्हणाली. "मला येतं आता सगळं. धुण्याचं काम माझ्याकडे."

तिचा हात गळ्यातल्या माळेवर होता. मी फोनवर सांगितले, आता या वयात झेपायचे नाही.

"एका पाखरानं इतकं मन मोडून घ्यायचं असतं का?" ती म्हणाली. त्या संध्याकाळी तिने हातमोज्याला तेल लावून तो पत्र्याच्या खोलीत खुंटीला अडकवला. अजूनही मधूनमधून लावते. चामडे कडक होऊ नये म्हणून.