पोळ्याला गावी गेलेली बाई

साठ सालानंतरची गोष्ट. पूर्णा नदीकाठच्या एका गावात मी शिकवायला होते आणि शाळेच्याच मागच्या खोलीत एकटी राहायची. लग्नाला नकार दिला म्हणून अमरावतीच्या थोरल्या भावाने माझ्याशी बोलणं टाकलं होतं. मीही काही कमी नव्हते. तू बोलावल्याशिवाय उंबरा ओलांडणार नाही, असं त्याला तोंडावर सांगून आले होते. पोळा जवळ आला. आता गावातल्या बायका विचारणार, "बाई, घरी नाई जात का?" मग कीव करणार, ताट वाढून आणणार. ती कीव मला नको होती. म्हणून मीच आधी सगळ्यांना सांगून टाकलं, की सुट्टीत मी अमरावतीला चालले. आतून कडी लावून घेतली आणि धूर दिसू नये म्हणून सणाला चूलसुद्धा पेटवली नाही. इतकी मी हट्टी होते, आणि खरं सांगायचं तर इतकी एकटी.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, उजाडता उजाडता शाळेत पाणी शिरलं. शाळा मातीच्या भिंतींची, वर सपाट मातीचं धाबं. शिडी लावून मी धाब्यावर चढले तेव्हा गाव रिकामं झालं होतं. सगळे पलीकडच्या टेकाडावर गेले होते. मी ओरडत राहिले, पण पुराच्या आवाजात माझं मलाच ऐकू येईना. दुपारी हेलिकॉप्टर आलं. आयुष्यात पहिल्यांदा पाहत होते, पण कौतुक करायला वेळ होता कुठे! पदर काढून जिवाच्या आकांताने हलवला. त्याने टेकाडावर भाकरींची पोती टाकली, एक घिरटी घेतली आणि ते अकोल्याच्या दिशेने निघून गेलं. थोड्या वेळाने मागची भिंत बसली. मी मेले तरी चार दिवस कोणी शोधणार नव्हतं. गावाच्या लेखी मी अमरावतीला होते आणि अमरावतीच्या लेखी गावात.

मग पाण्यात एक डोकं दिसलं. गावचा नावाडी होता, पन्नाशीचा. पावसाळ्यात गावाबाहेर पडायचं तर त्याच्याच नावेतून. नाव पुराने नेली होती. दोन वाळके भोपळे दोरीने कमरेला बांधून तो बराच वरच्या अंगाला पाण्यात उतरला होता आणि धारेशी न झगडता तिरका तिरका शाळेकडे सरकत होता. एक ओंडका त्याच्या खांद्यावर आदळला. तो बुडाला, दिसेनासा झाला, आणि शाळेच्या भिंतीपाशीच वर आला.

"मले वाटलंच व्हतं," तो धापा टाकत म्हणाला.

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"कोन सांगते? सारे म्हनतात, बाई अमरावतीले गेल्या. नावेत त बसल्या नाई, मंग गेल्या कशा? सकायपासून सांगून राहिलो, कोनी आयकून नाई राहिलं."

मी पाण्यात उतरले आणि घाबरून त्याचा गळाच आवळला.

"मान सोडा, बाई! मी बुडलो त तुमी बी जासान. भोपये धरा."

मी भोपळे धरले. त्यानंतरचं मला फक्त पाणी आठवतं, आणि त्याचा मोजून घेतलेला श्वास.

टेकाडावर तलाठी घरवार माणसं लिहून घेत होता. मला पाहून बायका चमकल्या. तलाठ्याने विचारलं, "या कोणाच्या घरच्या?" बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. मी तरी काय सांगणार होते? नावाडी खाली बसून रक्ताळलेला खांदा दाबून धरत होता. मानही वर न करता तो म्हणाला, "माह्या घरच्या. लिवा."

तलाठ्याने लिहिलं. नावाड्याच्या बायकोने घोंगडीवर सरकून जागा करून दिली. धाब्यावर दिवसभर माझ्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. तिच्याशेजारी बसले मात्र, आणि मला रडू आवरेना.