ज्यानं आणलं त्यानं

मी लेखक नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, तेवढ्या बळावर काकांविषयी लिहिणं आगाऊपणाचं आहे. चुकलं तर सांभाळून घ्या.

काका मूळचे नाशिकचे, तेलशुद्धीकरण कारखान्यात फिटर. कुवेतमध्ये रिग्गईला आमच्या शेजारी एकटेच राहत. "ज्यानं आणलं, त्यानंच नेऊन ठेवायचं," हे त्यांचं नेहमीचं वाक्य. आईची वाटी परत करायला स्वतः येत. वाटी रिकामी कधीच नसे, दोन खजूर तरी असत.

कंपनीने एकदा त्यांना ट्रेनिंगसाठी जपानला पाठवलं. तिथल्या एका जुन्या शिंतो देवळात ते गेले. दारातल्या टाक्यावर हात धुतले, चूळ भरली. दोनदा वाकायचं, दोन टाळ्या वाजवायच्या, पुन्हा एकदा वाकायचं, हे शिकले. तिथे डबा हलवून आपल्या भविष्याची चिठ्ठी काढतात. देवाच्या दारातून रिकाम्या हाताने कसं यायचं, म्हणून काकांनी ती चिठ्ठी प्रसाद समजून घरी आणली आणि देव्हाऱ्यात गणपतीशेजारी ठेवली. रोज तिला हळदकुंकू, मग दोन टाळ्या.

भिंतीपलीकडून बाबा विचारत, "काका, पूजा चाललीय की डास मारताय?"

चार वर्षांनी साइटवर आलेल्या एका जपानी इंजिनियरला काकांनी ती चिठ्ठी दाखवली, त्याने वाचली. त्यात घोर संकट लिहिलं होतं. अशी चिठ्ठी देवळातल्या दोरीला बांधून यायची असते, म्हणजे संकट तिथेच राहतं.

काका खूप हसले. "म्हणजे संकटालाच कुंकू लावत होतो की!"

त्याच महिन्यात नाशिकला काकू अंथरुणाला खिळल्या. काकांनी पुन्हा तो किस्सा कुणाला सांगितला नाही. टाळ्या ऐकू येत, पण हळू.

पुढे कॉलेजमधून मला जपानला जायला मिळालं. मी म्हटलं, "काका, द्या माझ्याकडे. मी बांधून येतो."

"शिकणाऱ्या पोराच्या हाती पिडा देऊ? वेडा की काय! ज्यानं आणलं..." त्यांनी वाक्य पुरं केलं नाही.

मी त्याच देवळात गेलो. दोऱ्या पांढऱ्या चिठ्ठ्यांनी भरल्या होत्या. एका टोकाला थोडी जागा दिसली, तिचा फोटो त्यांना पाठवला. उत्तर आलं, "रुमाल टाकून ठेव. येतो."

ते निवृत्त होऊन नाशिकला, अंथरुणातल्या काकूंजवळ गेले. पासपोर्ट नवा करायला टाकलाय, असं एकदा कळलं. मग बरेच महिने काहीच नाही.

परवा काकूंचा फोन आला. "गेले रे ते. चिठ्ठी कुणाला देऊ नको म्हणाले होते, म्हणून त्यांच्याच हातात ठेवली."

मग त्या म्हणाल्या,

"त्यांना नेताना दारापर्यंत मी चालत गेले, बाळा. माझ्या पायांनी."