इंदू सिस्टरचा आरसा

घोरावाडीच्या फलाटावर मी डबा घेऊन उभी होते. डब्यात मऊ भात, मेतकूट आणि वेगळ्या डबीत तूप, कारण आधीच कालवून नेलेलं इंदूताईला चालायचं नाही. लोणावळ्याकडची गाडी यायला दहाएक मिनिटं होती आणि तिच्या भाच्याचा, दत्ताचा फोन आला. ‘‘आत्या गेली, बाई. सकाळीच...’’ गाडी आली, थांबली, गेली. डब्याचं काय करायचं ते न सुचून मी तो मांडीवर धरून बाकावर बसून राहिले.

याला आता सव्वा महिना झाला. या सव्वा महिन्यात तिच्याविषयी इतकं चांगलं ऐकलं की जीव विटला. ज्या हॉस्पिटलात ती गेली, त्यांनीच दारात तिचा फोटो लावून खाली ‘सेवाव्रती’ लिहिलं. शोकसभेत चार जण बोलले आणि चौघांनीही कौतुकाने एकच सांगितलं, की सिस्टरांनी शेवटपर्यंत कसलीही तक्रार केली नाही. लोक माना डोलवत होते. मला या वाक्याचा भयंकर राग येतो. तक्रार केली नाही म्हणूनच ती गेली, आणि हे पक्कं ठाऊक असलेली निदान दोन माणसं त्या सभेत बसलेली होती. त्यातली एक मी.

इंदू मूळची भाजे गावची. आईबाप दुसऱ्यांच्या भातखाचरांत मजुरी करायचे. गावातून नर्सिंगला गेलेली ती पहिलीच मुलगी. लग्न झालं, ते वर्षभरही टिकलं नाही, त्याविषयी ती कधी बोलली नाही. लोणावळ्यातल्या एका लहानशा हाडांच्या दवाखान्यात तिने तीस-बत्तीस वर्षं काढली. तिथेच मी तिला भेटले, म्हणजे मला स्ट्रेचरवरून तिच्यापुढे नेऊन ठेवलं. पंचवीस वर्षांपूर्वी कामशेतजवळ जुन्या रस्त्यावर एका टेम्पोने माझी स्कूटर उडवली आणि मांडीचं हाड मोडलं. ऑपरेशन न करता वजन लावून हाड जुळवायचं ठरलं. गुडघ्याखाली तार घातलेली, तिला दोरी, दोरी कॉटच्या पायथ्याशी असलेल्या चाकावरून खाली सोडलेली आणि तिच्या टोकाला लोंबणारी वजनं. पायथा विटांवर चढवलेला. अशी मी सहा आठवडे उताणी होते. शाळेत चाळीस पोरांना एका नजरेत गप्प करणारी बाई, आणि इथे मला स्वतःची टाचसुद्धा दिसत नव्हती.

माझ्या सासूबाईंना त्या लोंबणाऱ्या वजनांची फार दया यायची. तिसऱ्या दिवशी त्यांनी कुणी बघत नाहीसं पाहून वजनांखाली एक स्टूल सरकवलं. सुनेच्या पायाला जरा विसावा मिळावा, एवढाच हेतू. मलाही बरं वाटलं. थोड्या वेळाने इंदू सिस्टर आली. तिने दोरी बघितली, स्टूल काढलं, सासूबाईंच्या मागे नेऊन ठेवलं आणि म्हणाली, ‘‘आजी, ह्याच्यावर तुमी बसा. वजनाला बसवू नका.’’ सासूबाई बसल्या. आमच्या मुख्याध्यापकांनी त्याच चाकाच्या दांड्याला शहाळ्यांची पिशवी अडकवली होती, तीही तिने तशीच न बोलता काढून त्यांच्या हातात दिली. ते जाईपर्यंत ती धरून उभे होते.

तिच्या अ‍ॅप्रनच्या खिशात एक गोल आरसा असायचा. लाल प्लास्टिकच्या कडेचा, जत्रेत मिळतो तसला. वजन लावलेल्या माणसाला कुशीवर वळवता येत नाही, म्हणून ती सकाळ-संध्याकाळ तो आरसा माझ्या टाचेखाली, मग कमरेखाली सरकवायची आणि मान वाकडी करून बघायची. पाचव्या दिवशी तिला माझ्या टाचेवर लाल ठिपका दिसला. बोटाने दाबला तरी तो फिका होईना. तिने लगेच पोटरीखाली घडी घालून चादर दिली, टाच हवेत राहील अशी, आणि दर दोन तासांनी येऊन बघत राहिली. मी चिडून म्हटलं, त्या आरशात मला एकदा माझं तोंड तरी बघू द्या, किती दिवस बघितलं नाही. ती हसली नाही. ‘‘तोंडाला काय हुतंय, बाई? तोंड समद्यांना दिसतंय. पडून राहिलेल्या माणसाची टाच बगायची, पाठ बगायची. तितं कुणी बगत न्हाई, आन् तितनंच माणूस कुजाय लागतंय.’’ मी तेव्हा तोंड वाकडं केलं होतं. त्या वॉर्डात तिच्या इतक्या वर्षांत एकाही रुग्णाच्या पाठीला जखम झाली नाही, हे मला नंतर इतर नर्सेसनी सांगितलं. ती स्वतः असलं सांगणाऱ्यांपैकी नव्हती.

गप्प बसणारी होती, असं मात्र कुणी समजू नये. माझ्या पाचव्या आठवड्यातला एक रविवार. शिरगावचा एक गवंडी दुपारी आला, सकाळीच दुसरीकडे कुठेतरी हाताला प्लॅस्टर घालून घेतलेलं. बोटं सुजून टम्म, रंग गेलेला, आणि तो मोठा माणूस भिंतीला डोकं टेकून रडत होता. डॉक्टर सुट्टीवाल्यांच्या गाड्यांच्या रांगेत घाटात अडकलेले, फोन लागेना. दुसऱ्याच्या प्लॅस्टरला हात लावू नका, असं कंपाउंडर सांगत होता. इंदूने त्याचं नख दाबून बघितलं, बोटं सरळ करायला लावली, ती होईनात. तिने तिथेच, माझ्या कॉटसमोरच्या बाकावर बसवून, ते प्लॅस्टर दोन्ही बाजूंनी उभं कापलं, आतला कापूससुद्धा कातडीपर्यंत कापून मोकळा केला. डॉक्टर आले ते सगळ्यांसमोर तिच्यावर ओरडले. मग त्यांनी हात बघितला आणि स्वतःच म्हणाले, आणखी तासभर असाच आवळलेला राहता तर गेला असता. तरी सोमवारी कारणे दाखवा म्हणून कागद आलाच. तिने उत्तरात एकच ओळ लिहिली, ‘बोटं पांढरी होती.’ तो गवंडी पुढे कितीतरी वर्षं दिवाळीला तिच्याकडे यायचा आणि दारात उभा राहून दहाही बोटं हलवून दाखवायचा.

मी बरी झाले आणि आमची मैत्री जुळली ती कायमची. ती मला शेवटपर्यंत ‘बाई’ म्हणायची आणि मी तिला इंदूताई. निवृत्तीनंतर ती भाज्याला भावाच्या घरी राहायला गेली. गावात कुणाचा हात मोडला, कुणाच्या आजीचा खुबा बदलला, की लोक तिला बोलवायचे. ती जायची, खाटेची उंची बघायची, बसायचे पाट उचलून बाहेर ठेवायची, मांडी घालायची नाही म्हणून म्हाताऱ्यांना दम भरायची आणि पाठ बघितल्याशिवाय चहा घ्यायची नाही.

आणि मग तीच पडली. अंगणातल्या शेवाळावरून पाय घसरला, खुब्याचं हाड मोडलं. हायवेलगतच्या त्या मोठ्या नव्या हॉस्पिटलात सांधा बदलला. ऑपरेशन उत्तम झालं, हे मी आजही म्हणते. एक्स-रे मलाही दाखवला होता. तिथे तिच्या हाताखाली शिकलेली पूनम सिस्टर म्हणून होती. पूनमने सगळ्यांना सांगून ठेवलं, या माझ्या मॅडम आहेत. झालं, त्या मजल्यावर इंदूताईचा मान सुरू झाला. मुली येता-जाता तिच्या पाया पडायच्या. तिने काय करायचं, काय नाही ते कुणी सांगत नव्हतं, कारण तिला काय सांगायचं? तिलाच सगळं येतं. आम्हीही तेच म्हणत होतो. दत्ता म्हणायचा, आत्याला काळजीच न्हाई, ती सोताच सिस्टर हाय. मी मान डोलवायचे.

पाचव्या दिवशी दुपारी मी गेले तेव्हा ती उताणी पडली होती, दोन पायांमध्ये उशी. दत्ता शेजारी बसलेला. पूनम सलाइन बदलत होती. इंदूताईचा चेहरा ओढलेला दिसला, पण ऑपरेशन झालेल्या माणसाचा दिसायचाच. ती हळूच म्हणाली, ‘‘बाई, पर्समदला माजा आरसा काडा.’’

मला आनंद झाला. बाईमाणूस आरसा मागायला लागलं म्हणजे दुखणं उतरलं, असा माझा हिशेब. मी ओल्या रुमालाने तिचं तोंड पुसलं, केस विंचरून घट्ट वेणी घातली, माझ्या पाकिटातली टिकली काढून कपाळावर लावली. मग आरसा तिच्या तोंडासमोर धरला आणि म्हटलं, ‘‘बघा, इंदूताई, कशा छान दिसताय.’’ तिने आरशात बघितलंच नाही. ती माझ्याकडे बघत होती. मग एकदा पूनमकडे बघितलं, एकदा भाच्याकडे. ‘‘दिसलं,’’ म्हणाली. ‘‘ठिवा आता.’’ मी आरसा पर्समध्ये ठेवून दिला.

चार दिवसांनी ताप चढला. खोलीत वास यायला लागला तेव्हा कुठे तिला कुशीवर वळवलं. माकडहाडावर जखम होती, हाडापर्यंत गेलेली. टाचाही काळ्या पडलेल्या. साखरेचा त्रास होताच, विष रक्तात भिनायला वेळ लागला नाही. मला आत सोडत नव्हते, तरी मी रोज डबा नेत होते. दार उघडलं की तो वास बाहेर यायचा आणि बाकावर बसलेले आम्ही सगळे दुसरीकडे बघायचो. मृत्यूच्या कागदावर हृदय बंद पडल्याचं लिहिलंय. ते काय, प्रत्येकाचंच पडतं.

तेराव्याला पूनम भाज्याला आली होती. घरामागच्या धुण्याच्या दगडापाशी तिने मला गाठलं आणि न विचारताच बोलायला लागली. ‘‘मॅडम सकाळच्या मुलीला म्हणायच्या, पाठ संध्याकाळी बघ. संध्याकाळी मला म्हणायच्या, सकाळी झालं. आम्ही दोघीच होतो हो मजल्यावर. त्यांनी आमची धावपळ बघितली होती... आणि मॅडमना वळा, पाठ दाखवा, असं मी कोणत्या तोंडाने म्हणणार? मी न बघताच कागदावर ‘पाठ बघितली’ची खूण करत गेले.’’ ती रडत होती. मी तिला जवळ घेतलं नाही. घ्यायला हवं होतं, असं अजूनही मला वाटत नाही. ज्या हॉस्पिटलला दारात फोटो लावायला माणसं मिळतात, त्याला मजल्यावर तिसरी मुलगी ठेवायला मिळत नाही, हेही मला कळतं. पण त्या कागदावरच्या खुणा पूनमच्या हातच्या होत्या.

आणि खरं सांगायचं तर मला इंदूताईचाही राग येतो. एका गवंड्याच्या हातासाठी डॉक्टरांची बोलणी खाणारी ही बाई, स्वतःच्या पाठीसाठी उशाशी असलेली घंटा दाबू शकली नाही. पोरी दमल्यात म्हणून खोटं बोलली. आपल्या हाताखाली शिकलेल्या मुलीला सगळ्यांसमोर खाली बघायला लागू नये म्हणून आरसा मागितला, तोही मोघम. का? तर समोर मी होते. ज्या माणसाच्या टाचेखाली तिने सहा आठवडे तो आरसा सकाळ-संध्याकाळ सरकवला, त्याला वेगळं काय सांगायचं, असं तिला वाटलं असणार. पूनम सोडली तर तिथल्या सगळ्या माणसांत तो आरसा कशासाठी असतो हे ठाऊक असलेली मी एकटी होते. तिचा तो अंदाज चुकला.

तेराव्याचं जेवण आटोपल्यावर दत्ताने तिची पर्स माझ्या हातात दिली, आत्याची आठवण म्हणून. ती मी पुष्कळ दिवस उघडली नाही. गेल्या आठवड्यात उघडली. आत गुडघेदुखीचं मलम, एक पेन, दोन सुट्या पिना आणि आरसा. मी तो उलटा केला. मागच्या लाल प्लास्टिकवर पांढरी चिकटपट्टी लावलेली आहे. दवाखान्यात नव्या मुलींना शिकवताना लावली असावी. तिच्यावर बॉलपेनने, तिच्या त्या उभ्या, ठळक अक्षरात लिहिलंय, ‘टाचा. माकडहाड. खुबे. कोपरं. डोक्यामागं.’

त्या दुपारी आरशाची काच तिच्याकडे होती आणि ही बाजू माझ्याकडे. हातभर अंतरावर, चांगला मिनिटभर. बत्तीस वर्षं मी मुलांना वाचायला शिकवलं. मी तिची टिकली सरळ लागली आहे का ते बघत होते.