काकूंची भजनं कॅम्प दोनपर्यंत

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, म्हणजे मला मध्ये थांबावं लागणार नाही. फजित्या मी आयुष्यात पुष्कळ केल्या, पण ही आठवली की अजून एकटीच कपाळावर हात मारते.

अंबरनाथला शिवमंदिराकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमची बिल्डिंग. चार मजले, लिफ्ट नाही. चौथ्यावर इकडे मी, समोर मोकाशीकाका आणि काकू. त्यांच्या कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या, हे त्यांच्याआधी मला कळतं. लोक याला भोचकपणा म्हणतात. म्हणोत!

काकूंकडे रोज चारला भजन असायचं. खालच्या मजल्यांवरच्या चार आज्या धापा टाकत वर यायच्या. मग काकू बाथरूममध्ये घसरल्या, खुब्याचं हाड मोडलं. आज्यांचे गुडघेही त्याच सुमारास बसले. भजन बंद पडलं, आणि हळूहळू काकूंचं बोलणंही. दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून राहायच्या. बघवायचं नाही हो.

काकांनी काय केलं माहितीय? उल्हासनगरला कॅम्प दोनच्या बाजारात गेले आणि काडेपेटीएवढी एक डबी घेऊन आले. तिच्यात भजन भरलेलं कार्ड घालायचं, बटण दाबायचं, की भजन रेडिओवर लागतं! खऱ्याखुऱ्या एफएमवर!

"मोबाइलवर का नाही पाठवत?" मी विचारलं. विचारणारच ना!

"त्या चौघींना मोबाइल उघडता येत नाही, सुनंदा. रेडिओचं बटण मात्र डोळे मिटून सापडतं."

झालं. सकाळी काकू पडल्या पडल्या गायच्या, काका भरून घ्यायचे आणि चारला सोडायचे. त्या वेळी व्यायाम करवणारी मुलगी आलेली असायची, म्हणून काकूंना स्वतःला ऐकता यायचं नाही. पण पाचला चौघींचे फोन! "आजचं फार गोड झालं हं!" आठवड्याभरात काकू उशीला टेकून बसायला लागल्या. मला रागावायलासुद्धा लागल्या. म्हणजे बऱ्याच झाल्या की!

आणि मग तिसऱ्या मजल्यावरचे गायकवाडसाहेब आले. टेलिफोनच्या नोकरीतून निवृत्त. तारेतलं आणि हवेतलं सगळं त्यांना कळतं.

"काका, एफएमवर परवान्याशिवाय काही सोडता येत नाही. लोक गाडीत असली खेळणी लावतात, ती चार पावलं जातात म्हणून कुणी विचारत नाही. पण आवाज लांब गेला की तुम्ही रेडिओ स्टेशन झालात! मशीन जप्त, वर केस."

"लांब म्हणजे किती?" मी.

"वहिनी, ते मोजावं लागेल."

काका म्हणजे झेब्रा क्रॉसिंग सोडून रस्ता न ओलांडणारा माणूस. त्यांचा चेहराच उतरला. म्हणाले, "गेटच्या बाहेर ऐकू गेलं, तर आजच बंद."

आतल्या खोलीत काकूंनी ते ऐकलं. पाठीमागची उशी काढली आणि आडव्या झाल्या.

काहीतरी करायलाच हवं होतं. आणि खरं सांगू? उत्सुकतेने जीवही जात होता. किती लांब जात असेल हो?

"मी मोजते!" मी म्हटलं आणि घरातला छोटा रेडिओ घेऊन आले.

चार वाजले. काकांनी दारामागे जाऊन डबी चालू केली आणि ते चहा टाकायला स्वयंपाकघरात गेले. मी निघाले, तर काकूंनी हाक मारली. "मंदिराकडे जाशील ना? दारामागे माझी गोमुखी आहे, तेवढी महादेवाच्या पायरीला लावून आण गं."

गोमुखी म्हणजे जपाची माळ झाकून ठेवायची कापडी पिशवी. दुसऱ्याची माळ बघू नये, गोमुखीत दुसऱ्याने हात घालू नये, असं आमच्यात पाळतात. मी खुंटीवरून काढली, मुकाट्याने खांद्याला अडकवली आणि निघाले.

गेटपाशी रेडिओ लावला. काकूंचा आवाज खणखणीत!

रस्ता ओलांडला. खणखणीत! फुलवालीच्या टोपलीपाशी उभी राहिले. अहो, फुलवाली टाळ्या वाजवायला लागली! शिवमंदिराच्या पायरीला गोमुखी टेकवली. काकू तिथेही गातायत, जरा जास्तच जोरात!

मी काकांना फोन लावला. "काका, शिवमंदिरापर्यंत येतंय!"

पलीकडे कप पडल्याचा आवाज.

मला वाटलं, हा कॅम्प दोनवाला फसवतोय. भोळ्या माणसाला आख्खं स्टेशन विकलंन! रिक्षा केली. वाटेत रेडिओ चालूच. रिक्षावाला म्हणाला, "मावशी, कुठलं चॅनल आहे? आईला सांगतो." उल्हासनगर आलं, सिग्नल आला, आवाज तस्साच!

पुन्हा फोन. "काका, उल्हासनगर! उल्हासनगरपर्यंत!"

"सुनंदा," काका म्हणाले, "डबी जागेवर नाहीये. कुणीतरी येऊन जप्त करून गेलं वाटतं. गायकवाड म्हणतात, आपणच जाऊन कबूल करावं. मी शर्टाला इस्त्री करतोय."

"काका, थांबा! मी दुकानदाराला धरते!"

दुकानदार सिंधी, पोट गल्ल्याला टेकलेलं. मी रेडिओ त्याच्या पुढ्यात आदळला. "ये क्या बेचा तुमने? अंबरनाथ का भजन इधर बजता है!"

"दीदी, क्या बोलती हो! वो डबी दस-पंद्रह कदम चलती है. इतना दूर जाती तो मैं इधर बैठता क्या?"

"फिर ये कौन गा रहा है?"

तो विचारात पडला. माझा रेडिओ उचलला आणि चालत रस्त्यावर गेला. काकू खरखरल्या, मग गप्प. तो परत आला. काकू गायला लागल्या. पुन्हा गेला, गप्प. पुन्हा आला. शेवटी त्याने रेडिओ माझ्या खांद्याजवळ धरला, आणि काकू अशा कडाडल्या की शेजारच्या दुकानातला माणूस बाहेर आला.

"दीदी," तो हात जोडून म्हणाला, "स्टेशन आपके झोले में है."

महादेवाची मनातल्या मनात माफी मागून गोमुखीत हात घातला. माळ नव्हतीच! गरम गरम डबी, लाल दिवा लुकलुकतोय. गायकवाडांच्या धाकाने काकांनी ती तिथे लपवली होती, काकूंनाही न सांगता. खुंटी रिकामी दिसली, म्हणून त्यांना जप्तीच झाली असं वाटलं. माळ म्हणे देव्हाऱ्यात ठेवली होती.

आयुष्यभर दुसऱ्यांच्या पिशव्यांत डोकावले. नेमकी हीच सोडली!

काकांना फोन लावला, तर नुसता वाजतोय. फोन घरीच ठेवून निघाले होते म्हणे! रिक्षावाल्याला म्हटलं, पळव! गेटपाशी काका दिसले. इस्त्रीचा शर्ट, हातात अर्ज, सोबत गायकवाड. दोन मिनिटं उशीर झाला असता, तर चौकीत पोचले असते. मी डबी पुढे धरली आणि सगळं सांगितलं. काका इतके हसले की त्यांना गेटला धरून उभं राहावं लागलं.

वर गेलो. तर काकू उशीला टेकून बसलेल्या, चेहरा फुललेला!

"चौघींचे फोन येऊन गेले. म्हणाल्या, आजच्याइतकं गोड कधीच झालं नव्हतं!"

मी काकांकडे बघितलं. काकांनी माझ्याकडे. डबी तर कॅम्प दोनला होती!

मी तशीच तळमजल्यावर, चौघींपैकी म्हात्रेआजींकडे. "आजी, खरं सांगा. काय ऐकलंत?"

"खरखर," आजी म्हणाल्या.

"आज?"

"पहिल्या दिवसापासून. चौघींकडे तेच. आत्ता गेटपाशी तूच सांगत होतीस ना, दहा पावलांची वस्तू ती, खाली कशी यायची?"

"मग रोज फोन?"

"अगं, पलंगावर पडलेल्या बाईला काय सांगायचं? खरखर छान झाली?"

कुकरच्या शिट्ट्या मोजणारी कोण? मी! आणि याचा पत्ता नव्हता कुणाला? मला!

आजी म्हणाल्या, "तू ऐकलंस ना गं आज रस्ताभर? कशी गाते आता?" आणि त्यांनी माझा हात धरला. तेव्हा ठरलं.

गायकवाडसाहेबांनी परवान्याबद्दल सरकारला पत्र टाकलंय. उत्तर येईपर्यंत डबी वापरायची नाही, हा त्यांचा हुकूम. काकांनी ती कुलपात ठेवली. मग मी एक साधा स्पीकर विकत आणला. त्यात तेच कार्ड घालून रोज चारला प्रत्येक आजीच्या दारात दोन-दोन भजनं वाजवते, चौथ्यापासून तळापर्यंत आणि परत वर. काकूंना यातलं काही माहीत नाही. एवढं मोठं गुपित माझ्या पोटात पहिल्यांदाच राहिलंय, आणि तुम्हीही सांभाळा बरं का!

कालच काकू म्हणाल्या, "सुनंदा, चौघींचं एकच म्हणणं आहे. भजन आता अगदी स्वच्छ येतं. फक्त मध्येमध्ये रेडिओवाली बाई फार धापा टाकते. तिला म्हणावं, वजन कमी कर."