एस म्हणजे सेतुराम

राजम टीचरच्या टाइपरायटिंग इन्स्टिट्यूटमधली सगळ्यात वाईट विद्यार्थिनी मीच. लोअरच्या परीक्षेत दोनदा आपटले, तेव्हा त्या साऱ्या वर्गासमोर म्हणाल्या होत्या, "अखिला, तू मशिनाला भितेस का मशीन तुज भिते?" पण काळ फिरतो तो असा. सन दोन हजारमध्ये मी तंजावरात, साउथ मेन स्ट्रीटवर ब्राउझिंग सेंटर टाकलं आणि पहिल्याच आठवड्यात टीचर सायकल भिंतीला टेकवून माझ्या दारात उभ्या. शिकवायची पाळी आता माझी होती. खोटं कशाला बोलू, मला अगदी गुदगुल्या झाल्या.

"मज अण्णाला हुडकायचे अहे," त्या म्हणाल्या. "ह्यांत येते का?"

अण्णा म्हणजे त्यांचा थोरला भाऊ चिदंबर. आमच्या गल्लीतल्या सगळ्या मराठी घरांना ती गोष्ट पाठ होती. वडील सेतुरामराव, घरात सगळ्यांचे अप्पा, तालुका कचेरीत हेडक्लार्क. त्यांनी मुलासाठी तिथेच जागा बघून ठेवली, आणि चिरंजीव म्हणाले, मी जहाजावर जाणार. "उंबरा ओलांडलास तर परत येऊं नको," असं सेतुरामराव म्हणाले. रागात बाप काय वाटेल ते बोलतो. चिदंबरने ते कायद्याचं कलम मानलं. ही गोष्ट एकाहत्तर सालची. सिंगापूरहून एक पत्र आलं, ते वडिलांनी न फोडता परत पाठवलं. त्यानंतर काहीच नाही. आई-वडील गेले, राजम टीचर त्या घरात एकट्या राहिल्या.

वडिलांचं श्राद्ध चुलतभाऊ व्यंकटरमण करायचा. तो दर वर्षी म्हणे, बारा वर्षं पत्ता नसला तर माणूस गेला असं समजून विधी करावा, इथे तर एकोणतीस झाली. टीचर दर वर्षी नाही म्हणायच्या. यंदा मात्र त्या डळमळल्या होत्या.

"जिता असेल तर त्याच्या नांवाने तीळ-पाणी सोडणे पाप," त्या मला म्हणाल्या. "आणि गेला असेल तर इतकी वर्षे तो तहानलेला अहे, ते पाप माझे. महालय अमावास्येपर्यंत थांब म्हणून व्यंकटूला सांगितले अहे."

अमावास्येला सव्वीस दिवस होते.

आधी ईमेल उघडायचा होता. मोडेमने किंचाळून घेतलं, फॉर्म आला, आणि पहिल्याच ओळीत आमचं भांडण झालं. आमच्याकडे आडनाव मिरवायची पद्धत नाही. वडिलांच्या नावाचं पहिलं अक्षर पुढे लावायचं की झालं. टीचर जन्मभर एस. राजम. फॉर्मला 'लास्ट नेम' हवं होतं आणि एका अक्षरावर तो ऐकेना. मी म्हटलं, राव घाला. त्यांनी माझं न ऐकता दहा बोटांनी, खाली न बघता, 'सेतुराम' ठोकून दिलं.

"अहो, हे वडिलांचं नाव झालं. लास्ट नेम म्हणजे आडनाव."

"एस म्हणजे सेतुराम. दुसरे काय?"

शिकलेल्याला शिकवणं कठीण, आणि टीचरला शिकवणं त्याहून. मी नाद सोडला. मग पासवर्डचा रकाना आला. फक्त तुम्हाला ठाऊक असेल असा शब्द घाला, असं सांगितल्यावर त्या मोठ्याने म्हणाल्या, "असा शब्द म्हणजे..." आणि मी त्यांच्या तोंडापुढे हात धरला. शेजारच्या कप्प्यातला कॉलेजकुमार कान टवकारूनच बसला होता. टीचर स्वतःशीच हसल्या, मला मान फिरवायला लावली आणि टाइप केलं.

चिदंबर राव या नावाला यंत्राने हजारो पानं काढून दाखवली. डॉक्टर, वकील, एक घटम् वाजवणारे. आपला एकही नाही. मग मी त्यांना जगभर पांगलेल्या तंजावरी मराठी लोकांच्या एका मेल ग्रुपमध्ये घातलं. तिथे सगळे इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायचे, कारण देवनागरी कोणाला येत होती? मला तरी कुठे येत होती. लग्न होऊन पुण्याला आल्यावर शिकले. टीचरनी तिथे सगळं लिहिलं: वडिलांचं भांडण, परत गेलेलं पत्र, घराचा पत्ता, फोन नंबर, आणि खाली पूर्ण नाव, राजम सेतुराम.

तिसऱ्या दिवशी व्यंकटरमण माझ्या सेंटरमध्ये येऊन कडाडला. त्याच्या मुलाने बंगलोरहून ते पान छापून पाठवलं होतं. "घरची गोष्ट चार भिंतींत असावी. तूं चाळीस देशांत वाटलीस. अप्पांची अब्रू गेली."

"अब्रू राखली म्हणूनच अण्णा गेला," टीचर म्हणाल्या आणि पुन्हा स्क्रीनकडे वळल्या. पण त्या दिवशी त्यांची बोटं दोनदा चुकली. ते मी पहिल्यांदाच पाहिलं.

त्याचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. भलभलत्या लोकांचे फोन येऊ लागले. मस्कतहून एकाने तर लिहिलं, "मीच तुझा अण्णा." टीचरनी त्याला एकच प्रश्न धाडला: बासुंदीच्या पातेल्याच्या बुडाशी जळून चिकटलेलं आपण दोघं खरवडून खायचो, त्याला आपण काय म्हणायचो? उत्तर आलं, बासुंदीच. टीचरनी त्याला असं झणझणीत इंग्रजी लिहिलं की मला ते छापून भिंतीवर लावावंसं वाटलं.

अमावास्या दोन दिवसांवर आली. व्यंकटरमणने भटजींना नावांची यादी दिली, त्यात शेवटचं नाव चिदंबर. टीचर मला म्हणाल्या, "करूं दे अतां." मला इतका राग आला, कोणावर ते कळेना, की मी त्या दिवशी सेंटर लवकर बंद केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मी मशीन लावलं. टीचर सवयीने येऊन बसल्या. एक नवं पत्र होतं. पाठवणारी: अंबा सेतुराम, कॅनडा.

अंबा हे टीचरच्या आईचं नाव.

मुलगी एकोणीस वर्षांची होती. कॉलेजात पहिल्यांदा इंटरनेट मिळाल्यावर सगळे करतात तेच तिने केलं होतं, स्वतःचं नाव शोधलं. आपल्या आडनावाचं जगात आणखी कोणी आहे का, एवढंच तिला बघायचं होतं, आणि समोर टीचरचं ग्रुपमधलं पत्र आलं. तिच्या वडिलांनीही कधीकाळी 'लास्ट नेम'च्या रकान्यापुढे अडून एसचं सेतुराम केलं होतं. जगात दोनच माणसांनी ही चूक केली, आणि ती भाऊ-बहीण निघाली. मी टेबलावर अशी थाप मारली की माउस खाली पडला.

टीचर मात्र ताठ बसल्या. मस्कत त्या विसरल्या नव्हत्या. त्यांनी तोच प्रश्न टाइप केला आणि पाठवला. तिकडे संध्याकाळ होती, मुलगी मशीनवरच असणार. आम्ही पान पुन्हा पुन्हा उघडत राहिलो. लाइन एकदा तुटली, मी देवाला आणि टेलिफोन खात्याला एकाच दमात हाका मारल्या. तेवीस मिनिटांनी उत्तर आलं, मुलीने वडिलांना फोनवर विचारून जसंच्या तसं टाइप केलेलं. भाषा मराठी, अक्षरं इंग्रजी:

"राजी, कांदखरवड. मोठा वाटा तूंच खायचीस. अप्पा अहेत का?"

तमिळ कांदल आणि मराठी खरवड, जळकं ते दोन्ही. दोन पोरांनी स्वयंपाकघरात बसून जोडलेला शब्द. मी तो जन्मात ऐकला नव्हता.

टीचर रडल्या. पदराने नाही, हातांनी तोंड झाकून, लहान मुलीसारख्या. मग त्यांनी माझा फोन ओढून व्यंकटरमणला लावला आणि एवढंच म्हणाल्या, "यादीतले शेवटचे नांव खोड. तो माझ्याशी बोलतोय." पलीकडून व्यंकटरमणचा आवाज आला, "कसा अहे तो?"

फोन ठेवून त्या स्क्रीनकडे वळल्या. अप्पांबद्दल लिहायचं अजून राहिलं होतं. त्यांनी चष्मा पुसला, हात कीबोर्डवर ठेवले आणि थांबल्या.

"अखिला," त्या म्हणाल्या, "आधी तो पासवर्ड कसा बदलायचा ते सांग. त्याने चव्हाट्यावर सांगून टाकला."